जीपची खांदेमळणी

ग्रीस गन घेताना तिचं तोंड बघावं, रंग बघू नये. हे वाक्य माझं नाही. माझं असतं तर त्याच्या आधी 'एक' आणि पुढच्याला 'दोन' असा आकडा पडला असता. याद्या केल्याशिवाय मला काही सुचत नाही. हे वाक्य विट्याच्या माझ्या घरमालकीणबाईंचं. सगळी आळी त्यांना आक्का म्हणायची, मीही म्हणू लागले. आमच्या कोरेगावकडच्या घरी अंगणात ट्रॅक्टर आणि उसाची ट्रॉली उभी असते. रविवारी मी फडकं आणि गन घेऊन ट्रॉलीखाली शिरले की दीर म्हणतात, "वहिनी, आली का आक्का अंगात?" मी पहिलं निपल पुसायला घेते.

पंचायत समितीत माझी बदली विट्याला झाली, तेव्हा मुलींची शाळा साताऱ्यात होती. म्हणून मी एकटीच गेले. खोली बघायला एका घरापाशी पोचले, तर दारात एक जुनी जीप आणि जीपखालून बाहेर आलेले दोन पाय. पायांवर इस्त्रीच्या सुती साडीचा काठ, नीट चापून घेतलेला.

"खोली बघायची होती," मी पायांना म्हणाले.

"बॅटरी धर," पाय म्हणाले.

शेजारीच बॅटरी पडली होती. मी ती लावून आत धरली. "डावीकडं. तुझ्या न्हाई, माझ्या डावीकडं. आता कसं!" आतून कटक-कटक असा आवाज आला, आणि मग एकच शब्द: "पोदुम."

पोदुम म्हणजे तमिळमध्ये पुरे. विट्याची अर्धी घरं गलाईवर उभी आहेत, म्हणजे जुनं सोनं गाळून शुद्ध करून देण्याच्या धंद्यावर. त्यासाठी इथली माणसं देशभर पांगलेली असतात. आक्कांच्या यजमानांचं दुकान कोइमतूरला होतं. आक्का लग्न होऊन तिकडं गेल्या आणि केस पिकल्यावर परत आल्या. येताना त्यांनी तमिळचे पाच-सात शब्द आणि गाडी चालवण्याचा परवाना आणला. यजमानांना गाडीची भीती वाटायची, म्हणून यांनी शिकून घेतलं होतं.

भाडं, पाणी, विजेचं मीटर, वरच्या जिन्याची किल्ली असे प्रश्न मी लिहून नेले होते. आक्का जीपखालून बाहेर आल्या, पदर झटकला आणि त्यांनीच मला विचारलं, "फडकं पिळता येतंय का?"

येतं म्हटल्यावर खोली मिळाली.

आक्का मला 'मॅडम' म्हणायच्या आणि 'अगं' म्हणायच्या, एकाच वाक्यात. "मॅडम, हिकडं ये की गं." कचेरीत मला अशी हाक कुणी मारली असती तर मी मान वर केली नसती. आक्कांनी मारली की मी जिना उतरत असायची.

त्यांच्या जीपला कुठे कुठे निपल होती ते त्यांना पाठ होतं. ज्यांनी कधी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगते: जुन्या गाडीला जिथे जिथे लोखंडावर लोखंड फिरतं, तिथे बोंडासारखं एक छोटं पितळी किंवा लोखंडी टोक बसवलेलं असतं. त्याच्या तोंडाशी एक बारीक गोळी असते. गनचं तोंड त्यावर दाबलं की गोळी आत सरकते, ग्रीस आत जातं आणि आतलं जुनं, काळं, धूळ खाल्लेलं ग्रीस कडेनं बाहेर येतं. नवं स्वच्छ ग्रीस दिसायला लागलं की थांबायचं. त्याच क्षणी आक्का म्हणायच्या, पोदुम. त्याच्यापुढे एक दाब मारला तर ओरडायच्या, "रबर फाडतीस का काय! पोट भरल्यावर कोन वाढतंय का?" सोनं गाळणाऱ्या घरात आयुष्य गेलेलं, मळ सुटून स्वच्छ धातू दिसायला लागला की हात आवरायचा, हे त्यांच्या अंगातच होतं.

पण या सगळ्याआधी फडकं. निपलवर धूळ असताना गन लावली तर धूळही आत जाते. म्हणून आधी पुसायचं. "आदी पूस" हे त्या दिवसातून इतक्या वेळा म्हणायच्या की शेजारची सून कपाला हात लावतानाही दचकायची.

ट्रॉलीसाठी मला गन घ्यायची होती. मी यादी केली, किमती विचारून ठेवल्या. आक्का म्हणाल्या, "ती यादी घरात ठेव आन् माझ्यासंगं चल." बाजारपेठेतल्या दुकानदारानं आक्कांना बघताच गल्ल्यावरून उठून पंखा वाढवला.

त्यानं आधी पिस्तुलाच्या मुठीची गन काढली. "ही घ्या आक्का. एका हातानं चालती. आता हीच खपतीया."

"एका हातानं जेवायचं आसतंय. हिचा दुसरा हात कुटं कामाला गेलाय?" मग माझ्याकडे वळून, न्यायाधीशानं सांगावं तसं त्यांनी सांगितलं, "अडचणीची जागा आसली, एका हातानं नळी धरायची आन् दुसऱ्यानं दाबायचं आसलं, तर ही बरी. तुझ्या ट्रॉलीखाली म्हस बसंल यवढी जागा हाय. लांब दांड्याची घे. जोर चांगला बसतोय तिचा."

दांड्याच्या गन समोर आल्या. आक्कांनी कमरेचा बटवा सोडला. त्यातून सुपारी निघावी तसं एक कोरं निपल निघालं. ते चिमटीत धरून त्यांनी पहिल्या गनच्या तोंडात दाबलं, ओढलं. निसटलं. ती गन बाजूला. दुसरीही बाजूला. तिसऱ्या गननं निपल टक्कन धरलं. आक्कांनी ओढून बघितलं, हिसका देऊन बघितलं, मग जरा वाकडं केलं, तसं ते सुटलं.

"अशी चावली पायजे. सरळ वडली तर सुटायची न्हाई, वाकडी केली तर लगीच सुटंल." मग नळी वाकवून तिला चिरा आहेत का बघितलं, मागची सळई ओढून ती खाचेत अडकते का बघितलं, सोडून बघितली.

दुकानदार म्हणाला, "आक्का, गन बघताय का सून?"

"सुनंला बघाय गेलते तवा कुटं यवढा टाइम दिलता!"

गन भरायचं त्यांनी घरी शिकवलं. पुढचा भाग काढायचा, नळकांड्याचं तोंड ग्रीसच्या डब्यात बुडवायचं आणि मागची सळई सावकाश ओढायची, म्हणजे ग्रीस आपण होऊन वर चढतं. घाई केली की मधे हवा राहते, आणि मग दांडा कितीही दाबा, काही येत नाही. माझ्या गनचं तसंच झालं. मी दाबत बसले. आक्कांनी ती माझ्या हातातून घेतली, पुढचा आटा किंचित ढिला केला, गन खांद्यावर घेतल्यासारखी उभी धरून तिच्या पाठीवर थापट्या मारल्या. आतून फुस्स झालं. "ढेकर काडाय लागतीया हिची. लेकरं वाढवलीस आन् यवढं कळंना व्हय?" दोन जातींचं ग्रीस एकात मिसळायचं नाही, हेही तेव्हाच सांगितलं: "दोन सासवा एका चुलीवर. दोघी चांगल्या आसत्यात, पर भाकरी करपती."

मला आधी वाटलं होतं, हा नुसता छंद. नव्हता.

यजमानांच्या वर्षश्राद्धाला मुलगा कोइमतूरहून आला होता. दुकान आता तोच बघायचा. जेवणं झाल्यावर भावकीसमोर तो म्हणाला, "आई, आता चल. एकटीनं हितं किती दिवस? जीप इकून टाकू." आक्कांना नको होतं. रानात त्यांची डाळिंबाची बाग होती. रोज सकाळी आळीतल्या बायकांना जीपमध्ये घालून त्या बागेत न्यायच्या. त्या बायका गाणी म्हणायच्या आणि आक्का त्यांना दम द्यायच्या. कोइमतूरला दुकानावरच्या खोलीला एक खिडकी होती आणि खिडकीसमोर भिंत. "लय वर्सं बघितली ती भिंत," त्या मला म्हणाल्या होत्या. "भिताडाला पाठ हाय आता मी."

पण भावकीसमोर मुलाला नाही कसं म्हणायचं? तर आक्का म्हणाल्या, "ही गाडी ज्या दिवशी कुरकुरंल, त्या दिवशी मी तुझ्यासंगं येते. सगळ्यांनी आयका." सगळ्यांनी ऐकलं. आणि आमच्याकडे भावकीसमोर दिलेला शब्द माघारी घेता येत नाही. तेव्हापासून जीपची ग्रीस गन म्हणजे आक्कांचं शस्त्र झाली होती. जीप गप्प होती तोवर त्या विट्यात होत्या.

आता बेंदराचं सांगायला हवं. आमच्याकडे बैलांचा सण आषाढात येतो. आदल्या संध्याकाळी खांदेमळणी असते: वर्षभर जू वाहिलेल्या बैलांचे खांदे लोण्यात कालवलेल्या हळदीनं चोळायचे आणि त्यांना आमंत्रण द्यायचं, 'आज आवतण घ्या, उद्या जेवायला या.' आक्कांचे बैल कधीच विकले गेले होते. विट्याला परतून जीप घेतल्यावरच्या पहिल्या बेंदराला यजमान वाटीत हळद-लोणी घेऊन बाहेर आले आणि म्हणाले, आता बैल हाच. पुढच्या उजव्या पाट्याला, म्हणजे लोखंडी पट्ट्यांच्या स्प्रिंगला, गाडीच्या सांगाड्याशी जोडणारी एक कडी असते. सगळा भार वर-खाली होताना ती झुलते. तोच खांदा असं ठरवून त्यांनी तिथल्या निपलावर हळद लावली. ते गेल्यावर आक्का लावू लागल्या. दर वर्षी त्याच जागी, आधीच्या हळदीवर नवी हळद. ते निपल मानाचं. दुसऱ्या दिवशी बॉनेटवर पुरणपोळी ठेवायच्या. ती शेजारची शेळी खायची.

मी एकदा फडकं घेऊन त्या निपलाकडे गेले, तर माझा हात त्यांनी वरच्या वर धरला.

"पूजंची हळद पुसत्यात व्हय?"

"पण तुम्हीच म्हणता, आधी पूस..."

"त्यो मानाचा हाय. त्याला ग्रीसबी जास्ती लागत न्हाई. पोट कायम भरल्यालं." आणि खरंच, तिथे गन दाबली की ग्रीस लगेच गनच्या तोंडाभोवती बाहेर यायचं. आक्का समाधानानं मान हलवायच्या.

एका बेंदराआधी थोडे दिवस मला तो आवाज पहिल्यांदा ऐकू आला. जीप खड्ड्यातून गेली की 'कुईं'. मी आक्कांकडे बघितलं. त्या समोर बघत होत्या.

"आक्का, काहीतरी वाजतंय."

"पाखरू हाय."

पुढचा खड्डा. कुईं.

"लिंबावरचं पाखरू," आक्का म्हणाल्या. तिथे मैलभर लिंब नव्हता.

त्या आठवड्यात त्यांना खोकला झाला, तोही फक्त जीपमध्ये आणि फक्त खड्ड्यांवर. बागेत जाताना बायकांना म्हणायच्या, "गप का बसलाय गं? म्हणा की गाणं. मोठ्यानं." घरी आल्यावर गन घेऊन जीपखाली जायच्या आणि एकेका निपलापाशी पोदुम म्हणून बाहेर यायच्या. चेहरा मात्र पोदुम म्हणाल्यासारखा नसायचा. मुलगा बेंदराला येणार होता.

त्याला आणायला मिरज स्टेशनला आम्ही दोघी गेलो. पांढरा इस्त्रीचा शर्ट, हातात मिठाईचा डबा, आईसारखंच कपाळ. गाडीत बसताना तो माझ्याशी अदबीनं बोलला, आईला म्हणाला, "बारीक झालीस." मग गाडी निघाली. रस्त्याला जितके स्पीडब्रेकर आले तितक्या वेळा आक्का खोकल्या. पण खोकला जरा आधी व्हायचा किंवा जरा उशिरा. तासगावला चहाला थांबलो. मुलानं बशीत चहा ओतला, फुंकर मारली आणि शांतपणे म्हणाला, "आई, कसला आवाज गं?"

"पाखरू हाय."

"मिरजेपास्नं आपल्याबरूबर हाय की ते. तिकीट काडलंय का त्याचं?"

मला हसू आलं आणि लगेच थांबलं, कारण आक्का हसल्या नव्हत्या. उरलेल्या रस्त्यात त्या खोकल्या नाहीत. कुईं, कुईं, सगळं स्पष्ट ऐकू येत होतं. विट्याच्या वेशीवर त्या एवढंच म्हणाल्या, "बागंचं पानी कोन बघंल ते ठरवाय लागंल."

संध्याकाळी अंगणात त्यांनी वाटीत लोणी-हळद कालवली. हात नेहमीसारखाच चालत होता. म्हणाल्या, "जायाच्या आदी एकदा सगळं ग्रीस मारून ठिवते. इकायची आसली तरी उपाशी इकू नये." मी बॅटरी धरली. मुलगा पायरीवर बसून बघत होता. एकेक निपल पुसत, दाबत, पोदुम म्हणत त्या शेवटी पुढच्या उजव्या बाजूला आल्या. गन टेकवली, दांडा दाबला. ग्रीस गनच्या तोंडाभोवती आलं.

"बघ. भरल्यालं हाय."

मी बॅटरी जरा पुढे सरकवली. बाकी प्रत्येक सांध्याच्या कडेला जुन्या काळ्या ग्रीसची ओली कड होती. इथे कोरडी तांबूस भुकटी होती.

"आक्का," मी म्हणाले, "नवं आत गेलं की जुनं बाहेर येतं असं तुम्हीच शिकवलंत. इथे जुनं काहीच बाहेर येत नाही. नवंच परत येतंय."

"मानाचा हाय त्यो."

"मानाचा आहे. पण उपाशी आहे."

आक्कांनी गन बाजूला ठेवली. मुलगा पायरीवरून उठला, पांढरा शर्ट न बघता गुडघ्यावर बसला आणि वाकून बघू लागला. निपलावर हळदीचा दगडासारखा थर होता. बोंड कुठलं आणि हळद कुठली कळत नव्हतं.

"हे काय गं?"

"हळद. खालची पयली तुज्या बानं लावल्याली हाय."

त्यानं त्या थरावरून बोट फिरवलं. मला कळत होतं त्याला काय कळलंय ते. त्यानं उठून हात झटकले असते तर आक्का त्याच्याबरोबर गेल्या असत्या. गाडी कुरकुरली होती, भावकीनं शब्द ऐकला होता, त्याला काहीच करायचं नव्हतं. वर्षानुवर्षं आईला मागत असलेला मुलगा होता तो.

"पाना कुटं हाय?" त्यानं विचारलं.

आक्कांनी पदर खोचला. मग म्हणाल्या, "थांब. आदी पुसाय पायजे." आणि त्यानं हात पुढे केला तेव्हा, "तू न्हाई. मी पुसते." रॉकेलचं फडकं घेऊन त्या पुसू लागल्या. हळद एका फटक्यात निघणारी नव्हती. कडेनं, थोडी थोडी, पापुद्रा पापुद्रा. पुसताना त्या काहीतरी पुटपुटत होत्या. यजमानांना सांगत असाव्यात, मी ऐकायचा प्रयत्न केला नाही.

मुलानं निपल खोललं, उजेडासमोर धरलं, एक डोळा मिटून आरपार बघितलं. सोन्याची लगड बघताना बघत असेल तसं. "पार बंद हाय. नवीन लागंल. आता दुकानं..."

आक्कांनी बटवा सोडला. दुकानदारांना घाबरवणारं ते कोरं निपल त्यांनी मुलाच्या तळहातावर ठेवलं आणि हळदीनं बुजलेलं जुनं त्याच्या जागी बटव्यात टाकलं.

नवं बसलं. आक्कांनी गन लावली. टक्. पहिला दाब, काही नाही. पुन्हा दाबलं. मग आतून बारीकसं करकरलं, आणि कडेनं आधी तांबूस पाणी, मग गंजाचा काला, मग काळं, दाट, वर्षानुवर्षं साचलेलं ग्रीस बाहेर येऊ लागलं. शेवटी पिवळं, स्वच्छ ग्रीस दिसलं.

"पोदुम," मुलगा म्हणाला.

आक्कांनी दांडा सोडला. मुलानं पुढच्या बंपरवर उभं राहून सगळ्या अंगानं जीप दाबली, सोडली, पुन्हा दाबली. काही वाजलं नाही.

आता वाटीतल्या हळदीचा प्रश्न होता. खांदेमळणी तर करायलाच हवी आणि निपल तर पुसून ठेवायला हवं. आक्का वाटी हातात घेऊन जीपभोवती एक फेरी मारून आल्या. मग मुलासमोर उभ्या राहिल्या, बोटं वाटीत बुडवली आणि त्याच्या पांढऱ्या शर्टावरून, उजव्या खांद्याला हळद-लोणी चोळू लागल्या.

"आई, शर्ट!"

"ह्यो खांदाबी वडतोयच की. दुकान, घर, समदं." त्यांनी डावा खांदाही चोळला. "आज आवतण घे. उद्या जेवायला ये."

"हितंच तर हाय मी."

"मग ऱ्हा की चार दिस."

तो राहिला.

दुसऱ्या दिवशी पंगतीला भावकी होती. मुलगा तोच शर्ट घालून बसला होता, दोन्ही खांद्यांवर पिवळे डाग. त्याला कुणी काही विचारलं नाही, खांदेमळणी सगळ्यांना ओळखू येते. त्याचे चुलते मात्र पुरणपोळी मोडत म्हणाले, "काय रं, गाडी कुरकुरतीया म्हनं आक्काची? आळीत बायका बोलत हुत्या. मग न्हेतोस न्हवं आईला?"

आक्का पोळ्यांची परात घेऊन जिथल्या तिथे उभ्या राहिल्या. मी तुपाची वाटी घट्ट धरली.

"न्हाई तात्या," मुलगा म्हणाला, आणि आमटीचा भुरका मारला. "पाखरू हुतं. उडालं."

आक्का पुढे आल्या आणि न विचारता त्यांनी त्याच्या ताटात एक पोळी वाढली. मग आणखी एक. "पोदुम, आई, पोदुम," तो दोन्ही हात ताटावर धरून म्हणत होता, आणि आक्कांना आयुष्यात पहिल्यांदाच तो शब्द कळत नव्हता.